साचेखाते नावाचे घर

जो रेषेत मावत नाही आणि ठिपक्यातही उणा पडत नाही, जो निराकार असून भक्ताच्या हट्टापायी आकार धरतो, त्या श्रीहरीच्या चरणी आधी माथा. देवा, वाणी दे, आणि त्या वाणीला लगामही दे. ज्या बाईचे चरित्र सांगायचे तिच्याविषयी एक शब्द अधिक पडू देऊ नकोस, कारण एका अधिक शब्दाने काय अनर्थ होतो, तेच तर सांगायचे आहे.

ती बाई तुळसा लहू पालव. राहणार लालबाग.

वडील लहू गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. जिथे माग चालतात ते साचेखाते. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा तुळसा नऊ वर्षांची. संप मिटला असे त्या घराला कोणी सांगायलाच आले नाही. गिरणीचे दार मात्र पुन्हा उघडले नाही. लहू मग लालबागेतल्या मसाल्याच्या गिरणीत मिरच्या कांडायला उभे राहिले. कापडाची गिरणी गेली, तिखटाची गिरणी आली. माणूस खोकून खोकून गेला, पण मुलीला आरेखनाचा अभ्यासक्रम पुरा करू दिल्यावरच गेला.

तुळसा आधी शाईने नकाशे काढी. पुढे संगणक आला, तर तोही शिकली. दोन हजार बाराच्या सुमारास ती परळच्या एका खासगी नकाशा-कचेरीत होती. बिल्डरांच्या हाती जाणाऱ्या गिरणीच्या जागांचे जुने, पिवळे पडलेले नकाशे सरकारकडून तिथे स्कॅन होऊन येत. असे चित्र म्हणजे रास्टर, नुसते ठिपके. काळा ठिपका, पांढरा ठिपका. यातली भिंत कोणती आणि डाग कोणता, हे ठिपक्याला ठाऊक नसते. त्या चित्रावरून माणसाने रेषा ओढायची, आकार बंद करायचा, त्याला नाव द्यायचे. तो झाला व्हेक्टर. ते आकार नावागावासह डेटाबेसमध्ये जमा होत, आणि मग डेटाबेसला प्रश्न विचारता येई: या जमिनीवर निवासी इमारती कोणत्या? उत्तरात जी इमारत येईल, तिच्यातल्या रहिवाशांना नवे घर. जी येणार नाही, ती पाडायची, बदल्यात घर नाही.

एके दिवशी तुळसेच्या पडद्यावर तिचीच चाळ आली.

माणसाच्या हातून घराभोवती रेषा ओढली जाते तेव्हा हात हळुवार होतो. तिने चाळीची बाहेरची कड जपून गिरवली. नावाच्या रकान्यात कागदोपत्री होते 'चाळ क्रमांक चार'. पण त्या नावाने त्या चाळीला लालबागेत कोण ओळखणार? तिथली सगळी बिऱ्हाडे साचेवाल्यांची. पोस्टमनपासून वाण्यापर्यंत सगळे म्हणत, "साचेखात्यात राहतो." तुळसेने प्रेमाने तेच लिहिले: साचेखाते.

आणि प्रेमानेच घात झाला. कचेरीने डेटाबेसला एक नियम घालून ठेवला होता: नावात 'खाते' असेल तर उपयोग 'कारखाना'. बाईने घर लिहिले, यंत्राने माग वाचला. प्रश्न विचारला गेला, उत्तर आले, आणि चाळीसच्या वर बिऱ्हाडे निवासी यादीत नव्हती.

चाळीच्या नानांनी माहितीचा अर्ज टाकून कागद मिळवले. प्रत्येक आकारापुढे तो काढणाऱ्याचे नाव होते. चाळीच्या आकारापुढे होते: तु. ल. पालव.

त्या संध्याकाळी ती जिना चढली तेव्हा गॅलरी भरलेली होती.

"इलंस गो, नकाशेवाली?" नाना कठड्याला टेकून म्हणाले. "बापाशीन तुझ्या साचो चालवल्यान, आणि तू आमच्या घरांचो साचो केलंस?"

"आमच्या मोरीत माग चलतत काय गो बाय?" शेजारच्या गंगुबाईंनी विचारले. गॅलरी हसली. ते हसू ऐकवत नव्हते.

"किती दिल्यान बिल्डरान?" मागून कोणीतरी विचारले.

"नाना, मी साचेखाते म्हणजे आपली चाळ म्हणून लिहिलं," तुळसा म्हणाली.

"आपली म्हणू नको."

तेवढ्यात आतून आई रखमा उंबऱ्यावर आली. "माझा चेडू चुकला असात, पण घरभेदी नाय," ती म्हणाली. एकेक दार लागत गेले. दुसऱ्या दिवसापासून रखमा नळावर आली की बोलणे थांबे, आणि ती गेली की सुरू होई.

कचेरीत मुख्य होते हेरंब राजवाडे. तुळसेने त्यांना सगळे सांगितले.

"तुळसाबाई, नकाशाचा हा थर, म्हणजे हे सगळे आकार, वर सहीला जाऊन आला," ते म्हणाले. "आता बदलणं म्हणजे कचेरी चुकली असं लिहून देणं."

"कचेरी नाही चुकली साहेब, मी चुकले. तसंच लिहा."

"आणि तुम्ही तिथेच राहता हे कधी सांगणार होतात? उद्या लोक म्हणतील, बाईने स्वतःच्या खोलीसाठी नकाशा फिरवला. गिरणगावची माया घरी ठेवून येत जा."

"माया घरी ठेवली असती तर आज घर वाचलं असतं, साहेब."

"यादीवरच्या हरकतींच्या सुनावणीत एक शब्द बोललात, तर टेबल रिकामं करायचं."

सज्जनहो, इथे गप्प राहणे सोपे होते. चाळीने तिला टाकले होते, कचेरी धरून होती. पोट कोणाकडे होते ते उघड होते. तिने त्याच दिवशी स्वतःच्या नावाने हरकतीचा अर्ज लिहिला: 'चूक माझी आहे. इमारत निवासी आहे.'

सुनावणीला हेरंब राजवाडे आले, नाना आले, गंगुबाई आल्या. तुळसेच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीही बसले नाही.

"अर्जदार स्वतः तिथल्या रहिवासी आहेत," हेरंब म्हणाले. "त्यांच्या शब्दावर नोंद कशी बदलणार?"

"शब्दावर नाहीच," सुनावणी अधिकारी म्हणाले. "बाई, पुरावा?"

"मी काढलेली रेषा बाजूला ठेवा, साहेब. मूळ चित्र बघा."

तिने जुन्या नकाशाचे चित्र पडद्यावर आणले, आणि मोठे करत गेली. ठिपके फुगले. बाहेरची कड दिसली, आणि कडेच्या आत बारीक बारीक आडवे फटकारे. नव्वद वर्षांपूर्वी कुणा आरेखकाच्या टाकाने काढलेले.

"या आतल्या भिंती. मी फक्त बाहेरची कड गिरवली, म्हणून माझ्या आकारात त्या आल्या नाहीत. मोजा. एकोणीस भिंती, म्हणजे वीस खोल्या. वर तेवढ्याच. आता शेजारचं खरं साचेखातं बघा. आत एकही भिंत नाही. माग चालवायचे तर मधे भिंत चालत नाही."

अधिकाऱ्यांनी पेन्सिलीचे टोक पडद्यावर ठेवून स्वतः मोजले.

"वीस," ते म्हणाले.

"वीस नाय, एकवीस!" मागून नाना ओरडले. "जिन्याखाली रामदास ऱ्हवता, तो खय गेलो? त्येका पण पुसलंस?"

तुळसेने जिन्यापाशी चित्र आणखी मोठे केले. एक तिरका फटकारा होता, आजवर सगळ्यांनी डाग समजलेला. "एकवीस," ती म्हणाली. "नाना बरोबर आहेत."

तिथल्या तिथे तिने आकार नव्याने काढले; एकच मोठा नव्हे, खोलीगणिक एक. नावाच्या रकान्यात लिहिले: चाळ क्रमांक चार. पुन्हा प्रश्न विचारला गेला. एक्केचाळीस बिऱ्हाडे उत्तरात आली. अधिकाऱ्यांनी 'निवासी' असा शेरा मारून सही केली.

बाहेर व्हरांड्यात हेरंब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." नानांनी जाताना क्षणभर पाऊल अडवले. वाटले, आता बरे बोलतील. "सुधारलंस ता बरा केलंस," ते म्हणाले, "पण आधी चुकी केल्यान कोणी?" आणि चालू लागले.

तुळसा आता वडाळ्याला एका मोजणीदाराकडे काम करते. चाळ अजून तिच्याशी जेवढ्यास तेवढे बोलते. ती कुरकुरत नाही. एक्केचाळीस दारांमागे जे लोक तिला नावे ठेवतात, ते अजून दारांमागे आहेत. तिला तेवढे पुरते.

हे दयाघना, या लेकीला निरोगी ठेव. तिच्या डोळ्यांना तेज दे, हाताला काम दे, कामाला मान दे. रखमामाईला दीर्घ आयुष्य दे, आणि नळावर तिच्याशी बोलणारे एक तरी माणूस दे. पालवांच्या चुलीवर भात कधी कमी न पडो, त्यांच्या माथ्यावर छप्पर राहो, आणि त्या छपराखाली त्यांना शांत झोप लागो. कल्याणमस्तु.