दानुताबाई आणि माझ्या करंज्या

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. आणि चहा आत्ताच ओतून घ्या. मध्ये उठलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही.

बायका कुणाकुणावर जळतात? जावेवर, शेजारणीवर, फार तर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एखाद्या गोऱ्यागोमट्या बाईवर. मी जळत होते एका पोलिश बाईवर. आणि तिचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं!

आम्ही तेव्हा जर्मनीत, येनाला राहायचो. हे भिंगांच्या कंपनीत, मी एका दुकानात अर्धा वेळ, आणि आमचा ओजस दहावीत. पोलंड नुकताच युरोपियन युनियनमध्ये आला होता, त्यामुळे शाळेला भलता उत्साह. त्यांनी एक्सचेंज काढलं. आपली मुलं आठवडाभर तिकडे राहणार, मग तिकडची मुलं आपल्याकडे, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं की युरोपचा नागरिक म्हणजे नक्की कोण! आमच्या तिघांचेही पासपोर्ट भारताचे, आणि आमचं कार्टं युरोपला नागरिकत्व शिकवायला निघालं. मला कोण अभिमान! बॅगेत लोकरी मोजे, तापाच्या गोळ्या आणि मेतकुटाची बाटली घालून पाठवला त्याला.

मेतकुटाची बाटली न उघडता परत आली. आणि ओजस परत आला तो दानुताचं नाव घेऊन.

ही दानुता म्हणजे मातेउशची आई. मातेउश म्हणजे ज्याच्या घरी ओजस राहिला तो मुलगा. आता आमचा ओजस किती बोलतो तुम्हाला माहीत आहे. मी मराठीत विचारणार, तो जर्मनमध्ये एका शब्दात उडवणार. "जेवलास का?" "जा." म्हणजे हो. "शाळा कशी झाली?" "गूट." संपलं! आणि आता? दानुता हे करते, दानुता ते करते. दानुताच्या घरी सगळे एकत्र बसून गरम जेवतात. का हो, आमच्याकडे काय फ्रीजसमोर उभं राहून गार खातात?

"आणि तिचे पिएरोगी!" ओजस म्हणाला, अर्थात जर्मनमध्येच.

"पिएरोगी म्हणजे काय रे?"

"आल्झो... तुझ्या करंजीसारखं असतं. पण बेसर."

बेसर! म्हणजे माझ्या करंजीसारखं, पण माझ्या करंजीपेक्षा चांगलं! अहो, ज्या करंजीसाठी मी इथे मैलभर चालत जाऊन नारळ आणते, कधी कधी तो आतून सडका निघतो, तरी रडत नाही, त्या करंजीला हा मुलगा एका शब्दात खाली बसवतो?

"अगं, पोरगं परक्या घरी पोटभर जेवलं याचा आनंद मान की," हे म्हणाले.

"मानतेय ना," मी म्हटलं, आणि कुकरचं झाकण असं लावलं की ह्यांनी पेपर उचलला आणि आतल्या खोलीत गेले.

महिन्याभरानं मातेउश आमच्याकडे आला. ताडमाड उंच, गोड पोरगा. ओजसनं शिकवलं असावं, पहिल्याच दिवशी मला "काकू" म्हणाला. थालीपीठ खाल्लं, वरणभात खाल्ला, आणि डब्यातल्या करंज्या तर दोन दिवसांत फस्त केल्या. दुसरी कुणी असती तर हरखली असती. मी मात्र वाढता वाढता त्याची उलटतपासणी घेत होते. तुझी आई कोबी कसा करते? रोज ताजा करते? पीठ हातानं मळते की मशीननं? तो बिचारा घास गिळून उत्तरं देत होता.

तेवढ्यात कळलं की मुलांबरोबर पालक म्हणून दानुता स्वतः येनाला आली आहे, गावातल्या युथ होस्टेलवर उतरली आहे. म्हणजे शेवटच्या दिवशी शाळेतल्या कार्यक्रमात आमची समोरासमोर गाठ!

त्या कार्यक्रमासाठी प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं एक पदार्थ करून आणायचा होता. मातेउश म्हणाला, "काकू, करंजी." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आणि ओजस, तू रे?"

"मी होस्टेलवर जातोय. दानुताबरोबर करणार." हेही जर्मनमध्येच.

ऐका! जो मुलगा स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवत नाही, तो दानुताच्या हाताखाली पीठ मळायला निघाला.

नेमकी त्या दिवशी एकादशी. मला कडक उपास, त्यातून दुकानात जाणं भाग. सकाळी सारण करून ठेवलं. नारळ, वेलदोडा, खसखस इथली काळी मिळते ती, सगळं भरपूर. पण चाखायची सोय नाही. पीठ दुधात भिजवून झाकलं. मातेउश लाटून भरणार आणि हे साजूक तुपात तळणार, असं ठरवून मी गेले.

दुपारी दुकानात ह्यांचा फोन. "अगं, कातणं कुठाय?"

कातणं म्हणजे करंजीची कड कापायचं ते नक्षीचं चाक. माझं पितळेचं आहे, सासूबाईंनी दिलेलं.

"ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये."

"नाहीये गं."

"शोधलं की सापडतं!" म्हटलं, आणि फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं हो.

संध्याकाळी दुकानातून तडक शाळेत. डोळे शोधतायत दानुताला. माझ्या मनात एक उंच, देखणी, ऐटीत चालणारी बाई होती. निघाली ती बुटकी, चष्मेवाली, कमरेत माझ्याहून दोन वीत जास्त. मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात ती धावत आली आणि तिनं मला घट्ट मिठीच मारली. शत्रूनं असं करू नये. आपल्याला मग नीट जळता येत नाही.

ओजसच्या बाई, फ्राऊ लिंडनर, यांनी भाषण सुरू केलं. जर्मन भाषण म्हणजे क्रियापद येईपर्यंत जीव टांगणीला. मी कुठली ऐकतेय! माझं लक्ष मांडलेल्या टेबलाकडे. सगळे पदार्थ शाळेच्या एकसारख्या पांढऱ्या प्लेटांत काढलेले, गोडाच्या सगळ्यांवर पिठीसाखर भुरभुरलेली, आणि प्रत्येक प्लेटमध्ये दातकोरणीवर चिकटवलेला एक कागदी झेंडा. भाषणातलं शेवटचं तेवढं कानावर पडलं. ज्याची प्लेट सगळ्यांत आधी रिकामी होईल, त्या मुलानं सगळ्यांसमोर येऊन बोलायचं.

टेबलावर अर्धचंद्राच्या प्लेटा दोन होत्या. एकीत हातानं रंगवलेला तिरंगा. कडा कशा सुबक, कातऱ्या-कातऱ्या! कातणं सापडलं वाटतं, मी मनात म्हटलं. दुसरीत पोलंडचा लाल-पांढरा झेंडा. तिच्या कडा काट्यानं दाबून बसवलेल्या, ओबडधोबड. ही दानुताची! मी ह्यांना कोपरानं ढोसलं. "बघा, बघा कडा. आणि म्हणे बेसर!"

"अगं पण..." हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

हे गप्प बसले. आमच्या संसारात हे नको तेव्हा बरोबर ऐकतात.

आणि मग काय व्हावं? ओजस आला. सरळ लाल-पांढऱ्या झेंड्याकडे गेला. एक उचललं, खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं तोंडात घालून डोळे मिटले आणि मित्राला म्हणाला, "व्ही त्सुहाउझं!"

अगदी घरच्यासारखं! माझ्या कानात कुणी तापलेलं तूप ओतलं असतं तरी चाललं असतं. घरच्यासारखं? कुणाच्या घरच्यासारखं रे? शेजारी तिरंगा फडकतोय, तिकडे ढुंकून बघितलं नाही पोरानं! बरं, खोटं कशाला बोलू, तेव्हा माझे डोळे भरून आले. एका आठवड्यात या बाईनं माझं पोर नेलं, असंच वाटलं मला.

आणि ती प्लेट भराभर रिकामी होत होती. म्हणजे आता बोलायचा मानही तिकडेच जाणार!

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फ्राऊ लिंडनर कुणाशी तरी बोलत होत्या. मी प्लेट उचलली, पदराआड... पदर कुठला, कोटाआड धरली आणि मागच्या खिडकीत ठेवून दिली. वर पडदा ओढला. झालं काम!

मग मी सुटले. तिरंग्याची प्लेट हातात घेऊन मी हॉलभर फिरले. मुंजीत आग्रह करतात तसा आग्रह! एक घ्या हो, अजून एक घ्या, मुलांसाठी न्या. जर्मन माणूस नको म्हणाला की आपण पुढे जायचं असतं. मी नाही गेले. मी प्लेट त्याच्या नाकाखाली धरून उभी राहिले, खाईपर्यंत.

एक आजोबा म्हणाले, "वा! आतला आंबटपणा काय सुरेख आहे!"

आंबट? म्हटलं, या लोकांना वेलदोडासुद्धा आंबट लागतो. स्वतः चाखून बघावं तर एकादशी. मी आपली पर्समधले शेंगदाणे खात होते. दानुता लांबून माझ्याकडे बघत होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होती. रड म्हटलं, रड!

प्लेट चाटूनपुसून साफ. फ्राऊ लिंडनरनी टाळ्या वाजवल्या आणि ओजसला पुढे बोलावलं. करंज्या मातेउशच्या हातच्या, पण घर आमचं, म्हणून आमच्या मुलाला बोलावलं असेल, असं धरून मी ह्यांना म्हटलं, "कॅमेरा काढा."

ओजस उभा राहिला. एरवी एका शब्दाच्या वर न जाणारा मुलगा छान बोलला हो. म्हणाला, "हे पिएरोगी मला दानुतानं शिकवले. आत तिच्या घरचा आलुबुखाराचा जॅम आहे. मी आज पहिल्यांदाच केले. कडा कापायला आईचं कातणं न विचारता नेलं, सॉरी. आणि बाईंनी सुरुवातीला सांगितलंच की झेंडा पदार्थाचा लावायचा नाही, करणाऱ्याचा लावायचा. म्हणून हा तिरंगा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगत होतो. तू गप्प बसा म्हणालीस."

म्हणजे लाल-पांढरा झेंडा मातेउशचा. कातणं नाही म्हणून काट्यानं दाबलेल्या त्या करंज्या, त्या माझ्या! माझं सारण, माझं दुधात भिजवलेलं पीठ! ओजसनं डोळे मिटून खाल्लं ते माझं! घरच्यासारखं म्हणाला ते आमच्याच घरच्यासारखं! आणि ते त्याच्या हातातून मी ओढून नेलं होतं.

तेवढ्यात मातेउश कावराबावरा होऊन उभा राहिला. "माझी प्लेट कुठे आहे?"

शोधाशोध सुरू झाली. टेबलाखाली बघितलं, स्वयंपाकघरात बघितलं. मीही शोधत होते, सगळ्यांत जोरात. आणि तुम्हाला सांगते, देव एकादशीलाही माझ्या बाजूनं नव्हता. त्या खिडकीखाली हीटर होता! तो आपला इमानेइतबारे तापला होता. हळूहळू हॉलमध्ये साजूक तुपाचा आणि वेलदोड्याचा घमघमाट सुटला. लोक नाक वर करून वळायला लागले. ह्यांनी जाऊन पडदा बाजूला केला.

"अगं, या इथे कशा?"

सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "गार झाल्या होत्या. गरम करायला ठेवल्या."

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं फ्राऊ लिंडनर आनंदानं ओरडल्या, आणि सगळा युरोप माझ्या करंज्यांवर तुटून पडला. मी शेंगदाणे चावत उभी.

दानुता पुन्हा आली, पुन्हा मिठी. तिचं जर्मन मोडकं, माझं जर्मन मोडकं, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं अगदी नीट कळत होतं. म्हणाली, "आठवडाभर मातेउश फोनवर नुसता काकू, काकू करत होता. मी इतकी जळत होते तुझ्यावर! आणि तू? माझे पिएरोगी हातात घेऊन दारोदार फिरलीस. मला माझीच लाज वाटली गं."

मी मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

बाहेर पडलो तर ओजस माझ्या बाजूनं चालत होता. कोपऱ्यावर थांबला आणि चक्क मराठीत, स्वच्छ मराठीत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी लपवायच्या असल्या, तर आधी माझ्या तीन काढून ठेवत जा."

त्याच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं झुरले, आणि आलं तेही हे!