वन्संनी न पुसलेला फोटो

माझी नणंद आमच्या नव्या घरी राहायला आली ती दोन बॅगा, एक कॅमेरा आणि जगातल्या प्रत्येक तोंडाबद्दल एकेक तक्रार घेऊन.

तक्रारी असणारच. वन्संनी चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओत काढली. फोटो काढायचे मालक. वन्सं मागच्या खोलीत बसून ते सुधारायच्या. कुणाची पुटकुळी काढ, कुणाचं टक्कल थोडं भर, कुणाचा तिरळा डोळा सरळ कर. आधी बारीक पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटर आल्यावर त्यावर. "निम्म्या गावाची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवलीत," असं त्या सांगायच्या. त्यातली टिकली किती, ते विचारायचं नाही. स्वतः मात्र लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वहिनी, इतकी माणसं मी इतक्या जवळून बघितलीत की नाकपुडीतले केस मोजता यावेत. त्यानंतर हौस राहत नाही गं."

मग लोक आपापले फोटो आपल्याच फोनवर काढायला लागले आणि आपली तोंडंही आपणच गोरी करायला लागले. स्टुडिओ बंद पडला. मालकांनी जाता जाता कॅमेरा वन्संच्या हातात ठेवला. त्याच सुमारास माझ्या मुलानं गावाबाहेर नवं घर घेतलं होतं. एका ओळीत बारा घरं, निम्मी न विकलेली, मागे नुसतं गवत आणि झाडं. मुलगा म्हणाला, "आई, आत्यालाही इकडेच आणतो." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, आण बाबा. हे गेल्यापासून मला भांडायला घरात बरोबरीचं कुणी नव्हतंच.

आल्या आल्या वन्संना कळलं की इथे फोटो काढायला माणसंच नाहीत. सूनबाईनं एकदा काढून घेतला. त्यात आपली हनुवटी बदललेली बघून तिनं पुन्हा नाव काढलं नाही. मग वन्सं मागच्या दारी गेल्या आणि किड्यांच्या मागे लागल्या.

आता लोक किड्यांचे फोटो कसे काढतात ते मला ठाऊक नाही, मी शाळेत चार यत्ता गेले आणि त्यात हा धडा नव्हता. पण वन्संचा मात्र एकच प्रकार. ओळखपत्राला लागतो तसा. तोंड समोर, पाठीमागे पांढरं. नाकतोडा पानावर बसला की ह्या त्याच्या मागे हातरुमाल धरायच्या आणि म्हणायच्या, "हं, सरळ बसा. हनुवटी खाली. नजर इकडे. हलू नका हं." नाकतोड्याला अहो-जाहो! मला आयुष्यभर "ए वहिनी."

मग आत येऊन कॉम्प्युटरवर सुधारणा. एका नाकतोड्याला पाचच पाय निघाले तर सहावा ह्यांनी लावून दिला. "बिचाऱ्याचं बरं दिसत नव्हतं." कोळ्याच्या तोंडावरची लव काढली. एका केसाळ सुरवंटाची तर अशी साफसफाई केली की मी विचारलं, "वन्सं, ही वालाची शेंग कशाला काढलीत?" दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि त्यांचा एक नियम होता, स्टुडिओतला. डागाचा फोटो ठेवायचा नाही. सुधारला की आधीचा फेकायचा. "गिऱ्हाइकानं चुकून खरा बघितला तर जन्मभर रडत बसतं," म्हणायच्या. किडे काही बघायला येणार नव्हते, पण नियम तो नियम.

गिऱ्हाइकं यावीत म्हणून मागच्या पायरीवर एक पाण्याची वाटी आणि एक साखरपाण्याची बशी. मुंग्या आल्या, माशा आल्या, फुलपाखरं आली. चिमण्या आणि साळुंक्या आल्या. आणि रोज सकाळी चहाच्या वेळेला एक सुतारपक्षी यायचा. तो बशीकडे ढुंकून बघायचा नाही. थेट मागच्या दाराच्या चौकटीला उभा चिकटायचा आणि टकटक, टकटक. वन्संचा सगळ्यात लाडका. "एवढा बाणेदार आहे," म्हणायच्या, "कॅमेऱ्याकडे बघतच नाही." त्याचे अकरा फोटो काढले. अकराही असे चकचकीत की त्याला लगेच कुठे नोकरी लागावी.

घराला वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस मी मागच्या दाराची कडी ओढली, तर कडी स्क्रूसकट माझ्या हातात आली. पाठोपाठ चौकटीतून पिठासारखा भुसा भसकन खाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा दिवस मी दाराशी पीठ सांडतं म्हणून सुनेला बोलत होते. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा ठेवू का तुला?" एवढ्यावर मिटलं.

चौकट किडीनं आतून पोखरली होती. मुलानं घरं बांधणाऱ्याला बोलावलं. तो आला, गोड बोलणारा, अत्तर लावलेला. पायरीवरची वाटी बघितली, बशी बघितली आणि त्याचं तोंड उजळलं.

"हमी वर्षाची आहे साहेब. लाकडात दोष असेल तर मी सगळ्या चौकटी बदलून देतो, शब्द आहे आपला. पण हा दोष लाकडाचा नाही." बशीकडे बोट. "काकूंनी किड्यांना आमंत्रण देऊन ठेवलंय. पाहुणे जेवले आणि मग घरात शिरले."

"किडे काय लाकूड साखरपाण्यात बुडवून खातात?" वन्संनी विचारलं.

"काकू, मी काय म्हणू? वर्ष शनिवारी संपतंय. कीड आधीपासून लाकडात होती असा काही पुरावा असेल तर शनिवारपर्यंत दाखवा."

तो गेल्यावर मुलगा बराच वेळ बशीकडे बघत होता. माझा मुलगा वाईट नाही, पण त्याला आवाज न चढवता बोलायची सवय आहे, आणि ते जास्त लागतं. "आत्या," तो म्हणाला, "शनिवारपर्यंत काही निघालं नाही, तर वाटी, बशी, कॅमेरा, सगळं कपाटात. यापुढे मागच्या दारी काही नको."

वन्सं उठून खोलीत गेल्या. जेवायलाही आल्या नाहीत. हाताला काम नसलं की ही बाई कशी दिसते ते मी स्टुडिओ बंद झाला तेव्हा बघितलं होतं. खुर्चीत ठेवलेल्या गाठोड्यासारखी. मी ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"वन्सं, तो तुमचा सुतार रोज चौकटीवर काय करत होता? हवा खात होता? किडेच काढत असणार. तुमच्या फोटोंत दिसेल की सगळं!"

वन्संचा चेहरा उजळला आणि तिथल्या तिथे विझला. कॉम्प्युटर उघडला. अकरा फोटो. चौकट कशी, तर संगमरवरासारखी गुळगुळीत. पक्ष्याची चोच नुकतीच धुऊन पुसून ठेवल्यासारखी.

"चोचीत काही नव्हतं?"

"होतं. पांढरं काहीतरी लोंबत होतं. वाईट दिसत होतं."

"मग?"

"पुसलं."

"आणि चौकटीला भोकं?"

"पुसली."

"भुसा?"

"वहिनी, आता तू गप्प बसतेस का?"

"पुरावा अकरा वेळा स्वतःच्या पायानं चालत आला," मी म्हटलं, "आणि तुम्ही त्याला पावडर लावून परत पाठवलात."

त्यात भर म्हणजे मुलानं घाईघाईत त्यातलाच एक फोटो त्या माणसाला पाठवून दिला होता, न बघता. त्याचं उत्तर आलं, "चौकट उत्तम स्थितीत दिसते. फोटोबद्दल आभारी आहे."

म्हणजे नवा फोटो पाहिजे, आणि तोही जसाच्या तसा. पण मुलानं चौकटीला प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्ट्या मारल्या होत्या, घरभर भुसा उडू नये म्हणून. सुतारपक्षी बुधवारी आला, प्लास्टिकवर एकदा चोच मारली, अपमान झाल्यासारखा उडून गेला. गुरुवारी आलाच नाही. वन्सं स्टुलावर बसून होत्या, कॅमेरा मांडीवर. माशी बसली तरी फोटो काढेनात.

शुक्रवारी चहा गाळताना मला टकटक ऐकू आली. आमच्याकडे नाही, शेजारी. शेजारचं घर अजून विकलेलं नव्हतं, कुलूप होतं. मी गाळणं हातात घेऊन तशीच बाहेर आले. पक्षी त्या रिकाम्या घराच्या खिडकीच्या चौकटीवर बसला होता आणि जोरात काम चाललं होतं.

"वन्सं! तिकडेही कीड आहे! तिथे कोणी बशी ठेवली होती?"

ही बाई स्टुलावरून अशी उठली की गुडघे कुणा दुसऱ्याचे असावेत. दोन घरांमधली भिंत गुडघाभर, आणि तीही त्याच माणसानं बांधलेली, त्यामुळे मधे आपोआप वाट झालेली. आम्ही पलीकडे गेलो. वन्संनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांचे हात थरथरायला लागले. वयाचे की शनिवारचे, कोण जाणे.

"वहिनी, वाक."

"काय?"

"वाक गं! तुझ्या पाठीवर टेकवते."

मी गाऊन गुडघ्यावर खोचला आणि वाकले.

"अशी नको. तुझं तोंड बघून उडेल तो. उलटी फिर."

मी उलटी फिरले. आता माझं तोंड आमच्या घराकडे आणि बाकीची मी पक्ष्याकडे. वन्संनी माझ्या कमरेवर कॅमेरा ठेवला. "श्वास सोडू नकोस," म्हणाल्या. ह्या वयात हे वाक्य फार जपून बोलावं. पण मी धरला. खट् झालं.

आत येऊन कॉम्प्युटरवर बघितलं. काय सांगू! पक्षी वाकडा, शेपूट वर, तोंड समोर नाहीच. चोचीत जाडजूड पांढरी अळी, अर्धी अजून लाकडात. चौकटीला भोकंच भोकं, खाली भुशाचा ढीग. आणि खिडकीला आतून लावलेली पाटी, 'घर विकणे आहे', खाली त्या माणसाचा नंबर. वन्संच्या जिंदगीतला सगळ्यात घाणेरडा फोटो.

त्यांचा हात आपोआप माउसकडे गेला. मी मनगट धरलं. "खबरदार."

"फक्त भुसा जरा..."

"वन्सं!"

त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला. खरंच, मांडीखाली. घाम आला होता त्यांना. मग माझं लक्ष खिडकीच्या काचेकडे गेलं. काचेत गाऊन खोचलेला एक डोंगर दिसत होता आणि डोंगराच्या माथ्यावर एक कॅमेरा.

"ही मी आहे?"

"हो."

"एवढं तेवढं पुसा."

"नाही."

"अहो, त्यात पक्ष्याचं काय जातंय?"

"एक डाग पुसला की तो म्हणेल सगळाच फोटो बनवलेला आहे."

"मी डाग आहे?"

वन्संनी चष्मा वर करून नीट बघितलं. "मोठा आहेस."

शनिवारी तो माणूस आला, तेच अत्तर. मुलानं फोटो लावला. तो वाकून बघू लागला. अळी बघितली, भोकं बघितली. मग त्याला स्वतःचा नंबर दिसला. अत्तराचा वास कायम राहिला, पण गोडवा उतरला.

"हा फोटो जसाच्या तसा आहे? आधीच्या फोटोत तर..."

"ह्यात काही सुधारलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं.

"कशावरून?"

"सुधारला असता," माझा मुलगा म्हणाला, "तर..." काचेकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

त्या माणसानं डोळे बारीक केले. "हे काचेत काय आहे?"

सूनबाई तोंडाला रुमाल लावून आत पळाली.

"ती मी आहे," मी म्हटलं. "मी तुमच्या हमीत येत नाही. तुम्ही चौकटीचं बोला."

तो सरळ उभा राहिला. खाकरला. "सोमवारी सुतार पाठवतो. सगळ्या चौकटी बदलतो. फक्त बाकीच्या घरांना हा फोटो एवढ्यात..."

"सकाळीच पाठवला सगळ्यांना," वन्सं म्हणाल्या.

मला हे तेव्हाच कळलं. म्हणजे सहाही घरांनी बघितला. तरीच कोपऱ्यावरच्या मास्तरांनी त्या सकाळी मला जरा जास्तच वाकून नमस्कार केला होता.

सोमवारी सुतारांनी जुनी चौकट दारासकट उपटली. नवी दुसऱ्या दिवशी येणार होती. म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर एक सकाळ आमच्या घराला मागे दारच नव्हतं, नुसतं भोक. सगळी गिऱ्हाइकं सरळ आत. फुलपाखरू पोळपाटावर, चतुर नळावर, साळुंकी जेवणाच्या टेबलावर चालत चालत आली आणि सुनेला रागवून गेली. सूनबाई किंचाळत होती. मुलगा वर्तमानपत्रानं हाकलत होता. वन्सं ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यांचा चहा तिथेच नेऊन दिला, तो गार झाला, दुसरा नेऊन दिला, तोही गार झाला. हातरुमाल काही बाहेर काढला नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतार नवी चौकट खांद्यावर घेऊन भोकाशी येऊन उभा राहिला.

"आजी, जरा बाजूला व्हा. बसवायची आहे."

"थांबा," वन्सं कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाल्या. कुकरच्या झाकणावर एक हिरवा किडा बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून. "हे आधी आलेत."

सुतारानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? म्हटलं, "टेका हो ती चौकट भिंतीला. चहा घेणार का? दोन कप तयारच आहेत."