सुनंदा सिस्टर आणि आईची फुंकर

कोपराच्या खळगीत औषधाचा बोळा फिरवून झाला की सुई हातात घेण्याआधी सुनंदा सिस्टर पेशंटला हमखास विचारत, "आज कालवण कशाचं?" रामवाडीजवळच्या आमच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये नवा होतो तेव्हा वाटलं, बाईंना भूक लागली असावी. मग कळलं, औषध पूर्ण सुकेपर्यंत त्या वेळ काढतात. घाई केली तर कातडीवरचे जंतू रक्ताबरोबर जंतू वाढवून पाहायच्या बाटलीत शिरतात आणि आम्ही लॅबवाले नसलेला आजार वाढवत बसतो. शिकाऊ नर्सला त्या म्हणत, "भात दमाला ठेवल्याशिवाय वाढतेस का गो घरी?" कोलाडच्या एका आजोबांनी तर वालाच्या बिरड्याचं असं रसाळ वर्णन केलं की आम्हाला त्या दिवशी डबे लवकर उघडावे लागले.

रोह्याकडच्या भातशेतकऱ्याची ही लेक. स्वभाव तिखट, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. पुसलेल्या जागेवर त्या डॉक्टरांनाही पुन्हा बोट लावू देत नसत, आणि डॉक्टर हसून हात मागे घेत. मला त्या फार आवडत.

एकदा धरमतरकडच्या हिराबाईंची लेक दर्शना तापाने दाखल झाली. चार दिवसांवर तिची हळद होती. ताप लगेच उतरला, पण नेमके सिस्टरांनीच घेतलेल्या रक्तात जंतू निघाले. ते खरोखर रक्तातले की कातडीवरचे, हे कळेपर्यंत डॉक्टर तिला सोडायला तयार नव्हते. तिकडे मांडव उभा, इकडे हिराबाई रडकुंडीला आलेल्या. सिस्टरांना जेवण जाईना. शेवटी त्या हिराबाईंजवळ बसल्या आणि रक्त घेतानाचं सगळं त्यांना आठवायला लावलं. हिराबाई सहज बोलून गेल्या, "तू सुई घ्याला वळलीस ना बाय, तवा पोरीला झोंबत होता. म्हनून जरा फुंकर घातली."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तोंडातले जंतू फुंकरीबरोबर पुसलेल्या जागेवर बसले होते! मग त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्यांदा रक्त घेताना त्यांनी हिराबाईंना मास्क लावून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं, लेकीचा दुसरा हात त्यांच्या हाती दिला आणि लग्नात गातात तो धवला म्हणायला सांगितलं. वॉर्डातल्या बायकांनी सूर धरला. औषध निवांत सुकलं.

ती बाटली स्वच्छ राहिली. रिपोर्ट घेऊन मी अक्षरशः पळत वॉर्डात गेलो. हळदीच्या आदल्या दिवशी दर्शनाला घरी सोडलं. आम्हाला सगळ्यांना इतका आनंद झाला, जणू घरचंच कार्य होतं.

हिराबाई मात्र दाराशी घुटमळल्या. "माज्या फुंकरीनंच पोर अडकली व्हती ना गो?"

एरवी तिखट असणाऱ्या सिस्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "आईची फुंकर कधी बाधत नाय गो. पट्टी लागल्यावर घालायची, एवढंच."

सिस्टर आता निवृत्त होऊन रोह्याला असतात. आमच्या वॉर्डात अजूनही रक्त घेऊन झालं, पट्टी लागली की नर्स आईला सांगते, "आता घाला फुंकर." आणि लेकरू कितीही मोठं झालेलं असो, आई ती घालतेच.