पुंजाजीनं घातलेली आंघोळ

गावात कोणी गेलं की पहिला सांगावा पुंजाजीकडं. तिरडी बांधणं, मढ्याला आंघोळ घालणं, सरण रचणं, सारं त्याच्याच हातचं. मोबदला म्हणाल तर चहासुद्धा नाही. सुतकाच्या घरचा चहा तो पीत नसे. थोडंसं सोयाबीन, दोन बैल आणि ही एक उठाठेव, एवढा त्याचा संसार. नेम मात्र त्याचा कडक. मेल्याच्या अंगावर जे दिसलं ते सरणावर गेलं. घरी येऊन बायकोलाही सांगायचं नाही. कोणाला कोड असायचं, कोणाच्या पाठीवर सख्ख्या लेकाच्या काठीचे वळ असायचे. पुंजाजीच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही, म्हणून तर गाव त्याला मानत असे.

त्याचा पुतण्या गोपाल डोणगावच्या बाजारात धान्याच्या गाड्या भरायचा. कोणाच्या तरी गोदामातून सोयाबीनची पोती गेली आणि पोलिसांनी गोपालला चौकशीला नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोराच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेता नेता गेला. अहो, पाठीवर पोतं घेऊन ट्रकवर चढणारा पोरगा, आणि म्हणे छातीत दुखलं!

पोस्टमार्टम होऊन मढं आलं, संगं पोलिसांची गाडी आली. "अंधार पडायच्या आत उरका," एवढंच साहेब म्हणाले. पोस्टमार्टमचं मढं लोक उघडत नाहीत, तसंच नेतात. पण भावाचं लेकरू बिनआंघोळीचं कसं पाठवायचं? पुंजाजीनं अंगणात लुगड्यांचा आडोसा केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कापड सोडलं.

तळपाय काळेनिळे होऊन फुगले होते. मांड्यांवर पट्ट्याचे वळ होते. पुंजाजीला रडू फुटलं. ज्यांनी मारलं त्यांची गाडी दारातच उभी होती. पण त्याच्या मनात तेव्हा एकच आलं, वच्छलावहिनीनं हे पाहू नये. गोपालची माय ती. नवरा गेल्यापासून या एका लेकरावर जगलेली. हे पाहून ती जागच्या जागी मरेल, असं त्याला वाटलं. लग्न न झालेल्या पोराला लावतात तशी त्यानं हळद अंगभर लावली आणि नवं कापड पायाच्या नखापर्यंत गुंडाळलं. गोपालचा दोस्त गणेश मोबाईल घेऊन आडोशाशी आला, तसा पुंजाजी खेकसला, "मढ्याचे फोटू काढून राह्यला काय बे? लाज नाई वाटत? निंघ!"

दिवस मावळायच्या आत गोपाल जळून गेला.

पुढं बुलढाण्याला मोर्चा निघाला. कोठडीत कॅमेरे लावा, पोलिसांची चौकशी पोलिसांकडं देऊ नका, अशी भाषणं झाली. दोन शिपाई निलंबित झाले, न्यायाधीशांपुढं चौकशी लागली. काही महिन्यांनी ठाण्यात कॅमेरे लागलेही. बैल गेला अन् झोपा केला! वच्छलावहिनीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मेहकरच्या वकिलानं तर कपाळाला हात लावला. "मढं ठेवलं असतं तर दुसऱ्यांदा पोस्टमार्टम मागता आलं असतं. आता राखेतून काय काढू? आंघोळ कोणी घातली, त्याला साक्षीला आणा."

पुंजाजीनं नेम मोडला. चौकशीच्या दिवशी भरल्या खोलीत त्यानं सारं सांगितलं. समोरून पोलिसांच्या वकिलानं विचारलं, "पोस्टमार्टमच्या कागदात यातलं काहीच नाही. तुम्ही पाहिलं होतं, तर तेव्हाच का बोलला नाहीत? एखादा फोटो तरी आहे का?" अहवालात शेवटी छातीतलं दुखणंच राहिलं. ते दोन्ही शिपाई कामावर परत आले. त्यातला एक बाजाराच्या बंदोबस्तावर असतो.

वच्छलाबाई त्या दिवशी मागच्या बाकावर बसली होती. लेकाचे पाय कसे झाले होते, हे तिला परक्या माणसांत, तिथंच पहिल्यांदा कळलं. परतीच्या एसटीतून ती गावच्या फाट्यावर उतरल्यावर थांबली.

"भाऊजी, मले काऊन नाई दाखवलं?"

"तुमाले सहन झालं नसतं, वहिनी."

"मंग आता झालं काय?" ती म्हणाली. "मी पायलं असतं तं त्याले पेटू नसतं देल्लं. गाडीपुढं आडवी पडली असती. तुमी माहं लेकरू गुंडाळून त्याईच्याच हवाली केलं. मी मेली तं माह्या मयतीले येऊ नोका."

ती चालू लागली. गावाला वाट एकच, म्हणून पुंजाजीही तिच्या मागं, बरंच अंतर ठेवून चालत राहिला.