स्पीकरवर लावलेला फोन

तांब्या हातातून पडला का मी टाकला, मला अजून सांगता यायचं न्हाई. न्हानीत आत्याबाई, म्हंजी माझी सासू, पाय लांब करून बसलेली. तिच्या पायावर माझी पोरगी पालथी, अंगाला तेल लावलेलं. आन मी बाजूला, कढत पान्यात गार पानी घालून इसनायला उभी. तांब्या कढत पान्यात बुडवला आन डोक्यात आलं, ओत. आसंच ओत तिच्या अंगावर. कोनी बोललं न्हाई, माझ्याच डोक्यात आलं. मी पळत सुटले ती पार खळ्यापत्तूर, आन मागून आत्याबाई वरडतीय, "अगं ए भवाने, पोरीला वारं लागंल, कुठं चालली?"

त्या दिसापासून मी पोरीला घ्यायचीच न्हाई. पाजायचं तर डोळं मिटून. चुलीपाशी न्यायची न्हाई, हिरीकडं तर बघायची पन न्हाई. माझ्या डोक्यातलं कुनाला कळलं तर पोरगी काढून घेत्याल आन मला माहेरी घालवत्याल, हेच रातंदिस. आत्याबाई म्हनायची, "बाळंतीन हाय का पाव्हनी? सोताचं लेकरू घ्याया नको वाटतंय."

आमच्या गावची आशाताई पोरीचं वजन करायला आली. तिनं पोरीपरीस माझंच तोंड जास्त बघितलं. म्हनली, "फोनवर एक मॅडम बोलत्यात. मनात आसंल ते सांगायचं. राजूरच्या दवाखान्यात जायाची पन गरज न्हाई." आत्याबाईला तिनं सांगितलं, हिला झोप लागंना म्हून फोन हाय.

फोन आला तवा मी वसरीच्या कोपऱ्यात बसले, रेंज तिथंच येती. आन स्पीकर लावला. आमच्यात फोन स्पीकरवरच लावत्यात. कानाला धरला का आत्याबाई म्हनती, "चोरून बोलाया सोनं गावलंय का काय?" ती शेजारीच शेंगा फोडत बसलेली.

मॅडमनी विचारलं, "ताई, तुम्ही एकट्या आहात ना? जवळ कोणी नाही ना?"

"न्हाई, कोनी न्हाई."

मी खोटं न्हवते बोलत. घरातलं मानूस कुठं कोनी आसतंय? कोनी म्हंजी बाहेरचं.

म्हून मॅडमनी जेवनाखान्याचं, झोपंचं विचारलं आन मग सरळच म्हनल्या, "आपल्या हातून बाळाला काही होईल, असे विचार येतात का?"

शेंगा फोडायच्या थांबल्या.

आत्याबाईकडं बघायची माझी छाती झाली न्हाई. आन तोंडातून निघूनच गेलं, "येत्यात. कढत पानी..." पुढं रडूच फुटलं. रडत रडतच तांब्याचं आन खळ्यापत्तूर पळाल्याचं सांगितलं.

मॅडम घाबरल्या न्हाईत. म्हनल्या, "तसं करावंसं वाटतं, की त्याची भीती वाटते?"

"मरनाची भीती वाटती वो."

"तांब्या टाकून लांब पळालात ना? विचार येणं म्हणजे करणं नव्हे, ताई. बाळंतपणानंतर पुष्कळ आयांना येतात. यावर उपाय आहे."

तेवढ्यात आत्याबाई उठली. मला वाटलं, संपलं, आता पोरीला उचलती. पन ती झोळीकडं गेलीच न्हाई. माझ्या हातातला फोन घेतला, उलटासुलटा करून बघितला. "ह्याचा आवाज कुठून बंद व्हतो गं?" मी बोट दाखवलं. तिनं स्पीकर बंद केला, फोन माझ्या कानाला लावला आन शेंगाचं सूप घेऊन अंगनात जाऊन बसली. शेजारची म्हातारी आली तर तिला दारातच म्हनली, "आत जाऊ नको. सून बोलतीय."

"कुनाशी?"

"तुला काय करायचंय?"

दुसऱ्या दिशी सकाळी न्हानीत मला म्हनली, "आज पाय तू लांब कर. पानी मी घालते." पोरगी माझ्या पायावर ठेवली. ती चिमुकली पाठ मी दोनी हातांनी धरून ठेवली.

पुढं दर आठवड्याला फोन यायचा. मॅडमच्या सांगन्यावरून राजूरला डाक्टरला पन दाखवलं, गोळ्या चालू झाल्या. ते नको ते आजबी कवातरी डोक्यात येतं. पन आता मला ठावं हाय ते काय हाय, मग ते येतं तसं जातं.

परवा एका पोरीचा फोन आला, "या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? खूप, थोड्या, की अजिबात नाही?" परीक्षाच वाटली मला, आन आठवीतच शाळा सुटलेली. मी आडखळले तर आत्याबाई चुलीपासून वरडली, "खूप म्हन की! आन त्या मॅडमला सांगा म्हनावं, सून आता पानी सोताच इसनती!" फोनवरची पोरगी हसाया लागली, आन मी पन.

पन मधीच आठवतं. त्या दिशी "सासू बसलीय" म्हनले आसते तर मॅडमनी तसं विचारलंच नसतं. आन विचारल्यावर "न्हाई" एवढंच म्हनलं आसतं तरी भागलं आसतं, शेंगा परत फुटाया लागल्या आसत्या. झोळीत पोरगी, शेजारी सासू, फोन स्पीकरवर. माझ्या जागी तुमी आसता, तर काय म्हनला आसता?