सरासरीवर विसंबलेला माणूस

मुलांनो, फोन आला तेव्हा मी टोकियोजवळ उरायासुला तुमच्या आत्याकडे होते. सेंदाईहून आमच्या शेजारीणबाई सातो-सान बोलत होत्या. एरवी हवापाण्यापासून सुरुवात करणाऱ्या या बाई त्या दिवशी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या... आजोबा दार उघडत नाहीत. संध्याकाळी मी घरी पोहोचले तोवर सगळे संपले होते. उष्माघात. खोलीत पंखा फिरत होता आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. भेटायला येणारे सगळे म्हणतात, शांतपणे गेले. मला हे मान्य नाही. ते हट्टाने गेले. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो लपवून तुम्हाला गोडगोड काही लिहिणार नाही.

तरुणपणी आम्ही इथे आलो तेव्हा सेंदाईचा उन्हाळा खरोखरच गार असायचा. समुद्रावरून यामासे नावाचा थंड वारा सुटला की मी ऐन जुलैत स्वेटर घालून पोळ्या लाटायची. पुढे उन्हाळे तापू लागले. हवामान हाच आजोबांचा विषय, त्यामुळे तापमानाचा चढता आलेख त्यांनी स्वतःच काढला, त्यावर भाषणे दिली. मी म्हणायची, "अहो, तुमच्याच आलेखात दिसतंय, आता तरी एसी बसवू या." "अगं, हे सेंदाई आहे, नागपूर नाही," असे म्हणून ते खिडकी आणखी उघडायचे. दुकानातून आणलेली माहितीपत्रके त्यांनी चष्मा पुसायला वापरली.

तुमच्या बाबतीत मात्र हाच माणूस किती वेगळा वागायचा! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते तुमच्या आयोवातल्या छोट्या शहराच्या हवेचा अंदाज सांगायचे, मग त्यामागची पार्श्वभूमी... गवताळ मैदानावर वारा का अडत नाही, बर्फ का टिकतो. एका वसंतात वादळाची नुसती शक्यता होती, तर त्यांनी तुम्हाला तळघरात पिटाळले. "आजोबा, बाहेर ऊन आहे!" म्हणून तुम्ही हसत होतात. "ऊन राहू दे. खाली जा. अंदाज चुकला तर जिवंत राहून त्याला हसू," ते म्हणाले. वादळ भलतीकडेच गेले. तरी स्वारी दिवसभर खुशीत. तुमच्यासाठी आजचा अंदाज, आणि स्वतःसाठी जुन्या काळातली सरासरी! असा हिशेब कुठल्या शास्त्रात बसतो?

आत्याच्या ऑपरेशनसाठी मी उरायासुला गेले, तेव्हा रोज सकाळी त्यांना फोन करत होते. उष्म्याचा इशारा त्यांच्या मोबाइलवर आलेला असायचाच. "निदान ग्रंथालयात तरी जाऊन बसा. तिथे थंड असतं." "तू लेकीकडे बघ. यामासे येईलच." यामासे आला. अंत्यविधीहून परतताना स्टेशनबाहेर माझा पदर उडाला तेव्हा मला रडू नाही आले, संताप आला.

गेल्या आठवड्यात त्यांचे जुने सहकारी जोशी आणि जोशीवहिनी भेटायला आले होते. हवा पुन्हा तापलेली. जोशी रुमालाने मान पुसत म्हणाले, "सर शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. अशी माणसं आता..."

"तुमच्याकडे एसी आहे का?" मी विचारले.

"नाही हो. आम्हालाही कधी गरज वाटली नाही."

"तुम्हाला नाही वाटली," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मी चहाचा गॅस बंद केला. "उठा, जोशी. आधी दुकानात जाऊ."

"अहो, पण आज? सरांना जाऊन अजून..."

ते वाक्य पुरे करेपर्यंत वहिनी दाराशी जाऊन बूट घालत होत्या.