डाव्या हाताचे हार

आमचे आजोबा पिढीजात माळी, आणि राहायला त्यांनी गाव निवडलं ते भातकुलीच्या पलीकडचं, जिथल्या विहिरींना खारं पाणी. यामागे त्यांचा काय विचार होता, ते मला बी.ए. होऊनही कळलेलं नाही. त्या पाण्यावर वांग्याची रोपं थोडे दिवस मान वर करून इकडंतिकडं बघत, आणि कुठं आलो हे लक्षात आलं की कडांपासून करपत जात. डाळ शिजत नसे. साबणाला फेस येत नसे. चहा पिणाऱ्या पाहुण्याला वाटे, घरच्या बाईनं साखर समजून मीठ टाकलं. माय पिण्याचं पाणी शेजारच्या गावाहून डोक्यावर आणायची. बाबा स्वतःच्या मळ्यात काही उगवत नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जात. हिवाळा भाकरीवर निघे, उन्हाळा कण्यांवर. शाळा गावात नव्हतीच, त्यामुळे आम्हा पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आपोआप सुटलेला होता.

एका उन्हाळ्यात मायनं भरली घागर दारात ठेवली आणि बाबांना म्हणाली, "हे शेवटचं. आता पानी जिथं गोड हाये, तिथं मी राहीन. तुमाले यायचं असन तर या."

बाबा आले. काय करतील?

अमरावतीच्या कडेला आम्हाला अर्ध्या वाट्यानं मोगऱ्याचा मळा मिळाला. विहीर गोड, मालक खारट. पण मालकाचं पाणी झाडांना घालायचं नव्हतं, म्हणून चालून गेलं.

इथं बाबांनी आम्हा तिघांना शाळेत घातलं. मी थोरली, माझ्यामागं दोन भाऊ. बाबांना शिक्षणाचं महत्त्व पटलं होतं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण खोटं होईल. खरं कारण असं, की शाळेच्या वाटेवर देवपूजेला रोज फुलं घेणारी घरं होती. पुड्या टाकायला माणूस ठेवण्यापेक्षा पोरांना शाळेत घालणं सोयीचं होतं. माझ्या हाती मुलींच्या शाळेच्या वाटेवरची घरं, भावांच्या हाती मुलांच्या शाळेच्या वाटेवरची. रोज उशीर व्हायचा. भावांना त्याबद्दल छडी मिळे. आमच्या मास्तरीणबाई मला बाहेर उभं करत, पण त्यांच्यासाठी आणलेली वेणी मात्र आत बोलावून घेत.

आता आत्याबाई. बाबांची ही थोरली बहीण अकोल्याला दिलेली. भावाच्या पोरीवर बहिणीचा हक्क, ही आमच्याकडची जुनी रीत. तेव्हा मी पाळण्यात असल्यापासून तिच्या मुलाची होते, आणि पाळणा तर तिनंच हलवला होता. सरकारनं मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांचा कायदा केला, तो तिला पूर्ण माहीत होता. त्याचा मान राखून तिचं म्हणणं एवढंच होतं, की लग्न पुढं बघू, कुंकू आज लावून ठेवू. आणि कुंकू लागलेली पोरगी शाळेत कशी जाईल?

"पोरगी शिकून राहिली म्हन्ते," आल्या आल्या ती बाबांना विचारी. "कायले? फुलाले इंग्रजीत वास येते का?"

एका वर्षी बाबा वैतागून म्हणाले, "अक्का, आता ऐक. जवरी पोरगी पास होते तवरी शाळा. ज्या वर्षी नापास झाली, त्या वर्षी कुंकू लाव. मी एक शब्द बोलनार नाई."

हा शब्द दिल्यापासून आत्याबाई दर वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर येऊ लागली. आम्हाला मदत म्हणून. बडनेऱ्याला गाडीतून उतरायची, तिथून अमरावतीला, आणि गाठोड्यात कुंकवाचा करंडा असायचाच. वाटेत लागतो म्हणे.

मदतीची गरज आम्हाला होती, यात वाद नाही. परीक्षा आणि लग्नसराई आमच्याकडे हातात हात घालून येतात. मोगरा फुटायला तोच वेळ धरतो. उन्हाळा लागला म्हणून शाळा सकाळची होते, म्हणजे घरी आल्यावर दुपार सगळी आपली, असं सरकारला वाटतं. आमच्याकडे दुपार कळ्यांची असे. लग्नं गोरज मुहूर्तावर, कळी उमलायच्या आत बांधली पाहिजे, आणि दिवस मावळायच्या आत हार, मुंडावळ्या, वेण्या मांडवात पोचल्या पाहिजेत. जेवणं उभ्यानं व्हायची. धाकटा पाढे म्हणत कळ्या खुडायचा. मधला कविता पाठ करत केळीच्या सोपटाचे दोरे काढायचा आणि कडवं विसरला की दोरा तोडायचा. मायला वाचता येत नव्हतं, पण पोरगं गप्प झालं की ती ओरडे, "आवाज कुठी गेला रे?" म्हणजे अभ्यासावर लक्ष होतंच.

मी चौथीत होते ते वर्ष. चौथीची परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब स्वतः यायचे. पास झालं तर मुलींच्या इंग्रजी शाळेत नाव, नाही तर अकोला. मधलं काही नव्हतं. आणि माझं त्रैराशिक कच्चं. इतके मजूर इतक्या दिवसांत विहीर खणतात, तर अमुक मजूर किती दिवसांत खणतील? मी विहीर खणताना पाहिलेली. मला ठाऊक होतं, की मजूर वाढले की चिलीम वाढते. पण डिप्टीसाहेबांना हे उत्तर चालणार नव्हतं.

त्या वर्षी आत्याबाईनं मुलालाही सोबत आणलं. माझ्याहून थोडा मोठा. अकोल्याच्या शाळेचा त्याच्यावर फार जीव होता. एका वर्गातून ती त्याला पुढं जाऊच देईना.

"याची परीक्षा नाई का?" मायनं विचारलं.

"यंदा बसवलंच नाई," आत्याबाई म्हणाली. "बसला तर नापास व्हायची भानगड."

मग तिनं नवा कायदा काढला. लग्नाचे हार बांधायचे ते फक्त मी. "उद्या अकोल्याले हेच करा लागते. हात पाहू दे मले कसा बसते." घराच्या सावलीत बाजेवर बसून ती देखरेख करणार. देखरेख जेवणानंतर सुरू व्हायची आणि पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज यायचा.

मी विहिरीजवळच्या मांडवात कळ्यांची टोपली घेऊन बसले. मांडीखाली गणिताचं पुस्तक. एक डोळा दोऱ्यावर, एक विहीर खणणाऱ्या मजुरांवर. परिणामी दोन्ही कामं बिघडली. आत्याबाईचा पोरगा खांबाला टेकून बघत होता.

"तू फुलं बांधून राहिली, का त्याईचे गळे दाबून राहिली?" तो म्हणाला.

"तुले येते का?"

"मले तेवढंच येते."

त्यानं बाजेकडं पाहिलं, आई झोपली याची खात्री केली, आणि दोरा घेतला. डाव्या हातात. मी दचकले. डाव्या हातानं बांधलेलं फूल देवाला चालत नाही, मग नवरदेवाला कसं चालेल, हे आम्हा माळ्यांच्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं असतं.

"उजव्यानं बांध ना."

"उजव्यानं मी शाळेत लिहितो," तो म्हणाला. "पाह्य काय झालं ते."

त्याच्या शाळेची खरी गोष्ट अशी होती. डाव्या हातानं लिहिलं की मास्तर छडी मारत, आणि उजव्यानं लिहिलं की मास्तरांनाच ते वाचता येत नसे. घरी आत्याबाई मास्तरांच्या बाजूची. पण कळ्या त्याच्या हातात अशा बसत, जणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या आहेत. एक वाकडी नाही.

"तू तुवं गनित कर," तो म्हणाला. "मी हार करतो. फक्त मले समजावून सांगू नको."

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "तुले माह्यासंग लगन करायचं हाये का?"

"नाई."

"मलेबी नाई. तू हिशोब विचारशीन."

अशी आमची बोलणी विनासायास पार पडली. वडीलधाऱ्यांना इतकी वर्षं लागली होती.

त्या दिवसापासून रोज दुपारी तो हार करायचा, मी गणित. धाकट्या भावाच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्याच्यासाठी गूळ-फुटाण्यांची तरतूद करावी लागली; माणूस लहान असला तरी तत्त्वाचा पक्का होता, फुटाण्यांत गूळ कमी पडला की आत्याबाईच्या बाजेकडं चालू लागायचा. संध्याकाळी आत्याबाई उठून हार हातात धरायची, उलटसुलट करायची, आणि तिचे डोळे भरून यायचे.

"माहेरची माती हाये," ती बाबांना म्हणे. "असा हात शाळेत शिकवते का कोनी?"

"नाई," मी म्हणायची. खोटं बोलायची मला सवय नव्हती.

यात एक अडचण होती आणि ती मला उशिरा दिसली. हार जितके चांगले होत, तितका कुंकवाचा करंडा जवळ येत होता. आत्याबाई आता पास-नापासावर थांबायला तयार नव्हती. लग्नघरी हार द्यायला स्वतः जायची आणि सांगून यायची, "माह्या सुनेच्या हातचे हायेत." त्रैराशिक सुटायला लागलं होतं, आणि इकडं मीच सुटायच्या बेतात नव्हते.

परीक्षेच्या दिवशी एका वकीलसाहेबांच्या घरचं लग्न आलं. मोठं लग्न, सगळा मळा त्याच दिवशी खुडायचा होता. सकाळी मी वेणी घालून उभी, तर आत्याबाई दारात.

"आज पोरगी कुठी जात नाई. वकिलाचं लगन हाये. परीक्षा काय, पुढच्या वर्षी पुन्हा येते. लगन एकदाच होते."

"अक्का, पन आज नाई गेली तर नापासच की," बाबा म्हणाले.

"मंग काय झालं? तूच तर शब्द देल्ला."

बाबांनी टोपल्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. माझे बाबा चांगले माणूस होते. पण त्या गाठीत काही बिघडलेलं नव्हतं.

माय चुलीपाशी माझी भाकर फडक्यात बांधत होती. थोरल्या नणंदेसमोर तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. वर न बघता ती म्हणाली, "पोरगी जाईन, अक्का. हार होतीन."

"कोन करीन?"

"जो रोज करते, तो."

विहिरीजवळ आत्याबाईचा पोरगा उभा होता. आपले दोन्ही हात कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना.

माय उठली. कालची उरलेली वेणी ओल्या फडक्यातून काढून तिनं आत्याबाईच्या हातात दिली. "तुमी माळ्याच्या लेक. गाठ पाहा कोनत्या अंगानं बसली."

आत्याबाईनं गाठ पाहिली. लग्नाआधी तिनंही आजोबांच्या हाताखाली फुलं बांधली होती, पाहिल्यावर कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं. रोज पाहत होती खरं, पण सुनेचा हात पाहत होती, गाठ नव्हे. मी उजवी. घरात डावा एकच.

"डाव्या हाताचे हार?" ती अगदी हळू म्हणाली. "नवरदेवाईच्या गळ्यात?"

"आर्धी लगनसराई झाली," माय म्हणाली. "एकानंबी वापस आनला नाई."

आत्याबाई बाजेवर बसली. वेणी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. पोराकडं पाहिलं. त्यानं सवयीनं डावा हात पाठीमागं लपवला.

"सारे यानं केले?"

"सारे."

"मी म्हनतच होती," आत्याबाई म्हणाली. "असा हात शाळेत शिकवत नाई कोनी. घराण्यातून येते." आणि मग पोराला, "उभा काहून हायेस? वकिलाचं लगन हाये. बस. आन मागचा हात पुढं घे."

मी निघाले. परीक्षेच्या दिवशीही देवांच्या पुड्या माझ्या हातात होत्या. वाट तीच, आणि देवांना परीक्षा नसते. डिप्टीसाहेबांनी मजूर आणि विहीर विचारलीच. मी चिलमीचा विचार बाजूला ठेवला आणि उत्तर लिहिलं. मराठीत बरी, भूगोलात बरी, गणितात काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूनं. पास.

निकालानंतर आत्याबाईनं गाठोडं बांधलं, मग पुन्हा सोडलं आणि करंडा काढला. बाबा चटकन पुढं झाले.

"भिऊ नको रे," ती त्यांना म्हणाली. "हे पासचं हाये." आणि माझ्या कपाळाला बोट टेकवलं.

तिच्या पोरानं पुढं शाळा सोडली. शाळेनं त्याला सोडलं, असंही म्हणता येईल. अकोल्यात त्याचं फुलांचं दुकान आहे. भर रस्त्यावर बसून तो डाव्या हातानं हार बांधतो आणि लग्नसराईत त्याच्याकडं रांग असते. गिऱ्हाइकानं हाताकडं पाहिलं की आत्याबाई आतून सांगायची, आमच्या घराण्याची तशीच रीत आहे. तीन पिढ्यांची, असंही एकदा मी ऐकलं.

मी इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झाले. माझ्यामागून दोघे भाऊ झाले. अमरावतीच्याच कॉलेजातून मी बी.ए. झाले, तोवर आमच्या घरातून कॉलेजात कोणी गेलं नव्हतं.